जड उचलू नये, असं कोण म्हणतं?

मावशीच्या स्वयंपाकघरात कॅलेंडरच्या खिळ्याला एक कागद अडकवलेला आहे. तीन वर्षांपूर्वी तिचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, तेव्हा घरी सोडताना रुग्णालयाने दिलेलं पत्रक. एकाच बाजूला छापलेलं, चौदा सूचना. गेल्या महिन्यात दोन दिवस तिच्याकडे होते, तेव्हा मी ते पहिल्यांदा नीट वाचलं. चौदापैकी अकरा सूचना 'नये'ने संपतात. ऑपरेशनच्या बाजूच्या हाताने जड उचलू नये. कणीक मळू नये. कपडे पिळू नयेत. त्या हाताला सुई टोचून घेऊ नये, त्या हातावर ब्लडप्रेशर मोजू देऊ नये. शक्यतो विमानाने प्रवास करू नये. (मावशी सातारा जिल्ह्यातल्या एका लहान गावात राहते. ही एक सूचना तिने आजवर तंतोतंत पाळली आहे.)

हे सगळं कशासाठी, तर हाताला सूज येऊ नये म्हणून. या सुजेला लिम्फेडीमा म्हणतात. आणि ती सूज मावशीला गेल्या दिवाळीनंतर आलीच. तेव्हापासून घरात एकच निदान ठरलेलं आहे: दिवाळीत तिने चकलीचा सोऱ्या फिरवला. शेजारची काकू तसं म्हणते, मामा म्हणतो, मावशी स्वतःही म्हणते. "चुकलंच माझं, कागदावर लिहिलं होतं ना."

एरवी या ब्लॉगवर आपण शोधनिबंध वाचतो. आज हे पत्रक वाचू, पण त्याच पद्धतीने. म्हणजे प्रत्येक वाक्याला विचारायचं, बाबा रे, हे तुला कोणी सांगितलं? सुरुवातीलाच सांगून टाकते, मी औषधं देणारी डॉक्टर नाही. माझ्या नावापुढे लागलाच तर लागणारा 'डॉ.' वेगळा. तेव्हा इथलं वाचून कोणी लगेच डंबेल आणायला जाऊ नये. (बघा, मलाही 'नये' टाळता आलं नाही.)

आधी ही सूज कशी येते ते बघू. रक्तवाहिन्यांच्या सर्वांत बारीक फांद्यांमधून थोडा द्रव सतत बाहेर झिरपत असतो. त्यातला बराचसा द्रव केशवाहिनीच्या दुसऱ्या टोकाला परत रक्तात शोषला जातो आणि उरलासुरला लसिकावाहिन्या नेतात, असं आपण बारावीत घोकलं होतं. हे चित्र आता जुनं झालंय. लेव्हिक आणि मिशेल या दोघांनी २०१० साली सगळा पुरावा मांडून दाखवलं की बहुतेक ऊतींमध्ये असं कायमचं परत शोषण होतच नाही. झिरपलेला जवळजवळ सगळा द्रव आणि त्याबरोबर बाहेर पडलेली प्रथिनं लसिकावाहिन्यांनाच परत न्यावी लागतात. म्हणजे आपण जिला गावाबाहेरची पावसाळी नाली समजत होतो, ती मुख्य गटार निघाली. हाताची ही सगळी व्यवस्था काखेतल्या ग्रंथींमधून जाते. कॅन्सर तिथवर पोचलाय का हे बघायला, आणि पोचला असेल तर काढायला, सर्जन याच ग्रंथी काढतात. वर काखेच्या भागाला रेडिएशन दिलं की उरलेल्या वाटाही आक्रसतात. द्रव झिरपायचा थांबत नाही, न्यायची वाट मात्र अरुंद होते.

इथे मराठीने आपली एक पंचाईत करून ठेवली आहे. आपण ट्यूमरलाही 'गाठ' म्हणतो आणि लसिकाग्रंथीलाही 'गाठ'च म्हणतो. मावशीच्या डिस्चार्ज कार्डावर काखेतल्या १७ ग्रंथी काढल्याची नोंद आहे. घरात सगळ्यांनी त्याचा अर्थ 'कॅन्सरच्या सतरा गाठी निघाल्या' असा घेतला होता. त्या सतरांपैकी दोघींतच कॅन्सर होता. बाकीच्या पंधरा चांगल्या होत्या, काम करत होत्या. त्या काढाव्या लागल्या, पण त्याची किंमत हाताने मोजली, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

आता 'जड उचलू नये' कडे येऊ. ही सूचना कुठून आली? तिच्यामागचा तर्क साधा आणि पटणारा आहे. स्नायूंना काम दिलं की हातात रक्त जास्त येतं, रक्त जास्त आलं की द्रव जास्त झिरपतो, आणि वाट तर अरुंद. म्हणून हाताला काम देऊ नये. ऐकायला बिनतोड वाटतं ना? आता याच शरीररचनेतून निघणारा दुसरा तर्क ऐका. लसिकावाहिन्यांना झडपा असतात. स्नायू आवळले की वाहिन्या दाबल्या जातात, द्रव पुढे सरकतो, झडपा त्याला मागे येऊ देत नाहीत. स्नायू हाच पंप. म्हणून हाताला काम द्यावं. तो सुद्धा बिनतोड! दोन्ही तर्क पुस्तकातल्या खऱ्या गोष्टींवर उभे आहेत आणि दोघांचं उत्तर उलटं आहे. अशा वेळी टेबलावर बसून निकाल लागत नाही. करूनच बघावं लागतं. पत्रकाने पहिला तर्क उचलला आणि करून बघायच्या आधीच छापला. माझी पहिली तक्रार ही आहे.

करून बघायला बराच उशीर झाला. या सुजेची तक्रार काही नवी नाही. स्तनासकट छातीचे स्नायू आणि काखेतल्या ग्रंथी काढणारी मोठी शस्त्रक्रिया ज्याच्या नावाने ओळखली जाते, त्या विल्यम हॉलस्टेडने १९२१ साली या सुजेवर निबंध लिहिला आणि तिला शस्त्रक्रियेतून आलेला हत्तीरोग अशा अर्थाचं लॅटिन नाव दिलं. नाव देतानाच त्याने ती शस्त्रक्रियेच्या खात्यात टाकली होती, हे लक्षात ठेवा, पुढे लागेल. त्यानंतर कित्येक दशकं बायकांना हात जपायला सांगितलं गेलं. १९९६ साली कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये डॉन मॅकेन्झी या क्रीडावैद्यकाच्या डॉक्टरांनी स्तनाच्या कॅन्सरमधून बऱ्या झालेल्या २४ बायकांना ड्रॅगन बोट नावाच्या लांबलचक होडीत बसवून वल्ही मारायला लावली. वल्हवणं म्हणजे हात-खांद्याचं तेच ते जोरदार काम, नेमकं जे करू नका म्हणून सांगत होते ते. आधी तयारी करून घेतली, मग होडी. त्या मोसमात एकीलाही नव्याने सूज आली नाही. २४ जणी, तुलनेला दुसरा गट नाही. शास्त्र म्हणून हा पुरावा तोकडाच. पण 'करू नका' म्हणणाऱ्यांकडे तर तेवढाही नव्हता.

खरी चाचणी आली ती २००९ मध्ये. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातल्या कॅथ्रिन श्मिट्झ आणि सहकाऱ्यांनी, ज्यांच्या हाताला आधीच सूज आहे अशा १४१ बायका घेतल्या आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तशा दोन गटांत वाटल्या. एका गटाने वर्षभर आठवड्यातून दोनदा वजनं उचलायची, दुसऱ्या गटाने नेहमीसारखं राहायचं. वर्षअखेरीस सूज पाच टक्के किंवा जास्त वाढलेल्या बायका वजनांच्या गटात ११ टक्के, दुसऱ्या गटात १२ टक्के. म्हणजे काही फरक नाही. पण सूज अचानक उफाळून येण्याचा त्रास, जो तज्ज्ञाने तपासून ठरवायचा होता, तो वजनांच्या गटात १४ टक्क्यांना आणि दुसऱ्या गटात २९ टक्क्यांना झाला. निम्मा. वर ताकद वाढली ती वेगळीच.

पुढच्या वर्षी याच गटाची दुसरी चाचणी आली. या वेळी सूज नसलेल्या, पण ग्रंथी काढल्यामुळे धोका असलेल्या १५४ बायका. वजन उचलणाऱ्यांत ११ टक्के जणींच्या हाताचं आकारमान पाच टक्के वाढलं, न उचलणाऱ्यांत १७ टक्के. पाच किंवा जास्त ग्रंथी काढलेल्या बायकांपुरतं बघितलं तर ७ टक्के विरुद्ध २२ टक्के.

हा शेवटचा आकडा सगळीकडे मिरवला जातो. 'वजनं उचला, सूज टाळा' असे मथळेही मी वाचलेत. इथे जरा थांबू या, कारण पत्रकाला जो नियम लावला तोच आपल्या आवडत्या निबंधालाही लावायला हवा. ही चाचणी वजनांमुळे सूज टळते का हे बघायला आखलेलीच नव्हती. वजनांमुळे सूज वाढत तर नाही ना, एवढंच तिला बघायचं होतं. ७ विरुद्ध २२ हा एका उपगटाचा आकडा, ४५ पैकी ३ आणि ४९ पैकी ११ बायकांचा. शिवाय पाच टक्के आकारमान वाढणं म्हणजे टेपवर दिसणारा फरक, दर वेळी आजार नव्हे. डॉक्टरांनी तपासून ज्याला लिम्फेडीमा म्हटलं अशा बायका वजनांच्या गटात १ आणि दुसऱ्या गटात ३ होत्या. या आकड्यांवरून 'टळते' म्हणायला माझी तरी जीभ रेटत नाही. 'वाढत नाही' म्हणायला रेटते. आणि पत्रकातल्या पहिल्या ओळीला उडवायला एवढं पुरेसं आहे.

पण कोणती वजनं, कशी उचललेली? निबंधाचा हा भाग कोणी सांगत नाही, आणि मावशीच्या दृष्टीने तोच सगळ्यात महत्त्वाचा. या बायकांना पहिल्या दिवशी कोणी दहा किलोची पिशवी हातात दिली नाही. पहिले तेरा आठवडे व्यायामशाळेत, लहान गटात, शिकवणाऱ्या माणसाच्या नजरेखाली. सुरुवात अगदी नाममात्र वजनाने. हाताला काही वाटलं नाही तरच पुढच्या वेळी अगदी थोडं वाढवायचं. असं जात जात किती वाढवायचं याला वरची मर्यादा मात्र ठेवलेली नव्हती. सूज असलेल्यांनी व्यायाम करताना मापाने घेतलेली घट्ट स्लीव्ह घालायचीच. हाताची मापं नियमित घ्यायची, काही बदल वाटला की तज्ज्ञाने बघायचं.

यामागचा विचार मला फार आवडला. समजा एखादीचा हात जास्तीत जास्त आठ किलो उचलू शकतो आणि बादली सहा किलोची आहे. म्हणजे ती रोज आपल्या ताकदीच्या पाऊणपट काम करते. हळूहळू तिची ताकद बारा किलोवर नेली तर तीच बादली निम्म्यावर येते. (आकडे माझे, समजावण्यापुरते.) पत्रक नेमकं उलटं करतं. हात जपायला सांगून ताकद आठाची पाचावर आणतं, आणि बादली सहाचीच राहते. कारण घरातली बादली काही कमी होत नाही. पाणी भरायचं असतं, पीठ गिरणीतून आणायचं असतं, नातू कडेवर यायचा असतो. 'जड उचलू नये' लिहिणाऱ्याने हे काम दुसरं कोण करणार ते लिहिलेलं नाही. मावशी तीन वर्षं ते करतेच आहे. आधी ताठ मानेने करायची, आता चोरून करते, एवढाच फरक पडला.

आता एक कडू गोळी. श्मिट्झ यांच्याच गटाने पुढे ३५१ बायकांवर आणखी मोठी चाचणी केली, २०१९ मध्ये ती छापून आली. वजन जास्त असलेल्या आणि हाताला सूज असलेल्या बायका. कोणाला घरच्या घरी करायचा व्यायाम, कोणाला वजन कमी करायचा कार्यक्रम, कोणाला दोन्ही, कोणाला काहीच नाही. वजन कमी झालं. सुजेत मात्र फरक पडला नाही, कुठल्याच गटात. याचा अर्थ व्यायाम वाईट असा नाही. पण तेरा आठवडे समोर उभं राहून शिकवणारं माणूस, गट, तपासणी हे सगळं वजा करून फक्त 'घरी करा' म्हटलं, तर २००९ चा निकाल आपोआप मिळेल असं धरता येत नाही. कदाचित फायदा त्या देखरेखीत असेल. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण 'जड उचलू नये' खोडून तिथे 'रोज व्यायाम करावा' असं छापणारं नवं पत्रक निघायला वेळ लागणार नाही. तेही तेवढंच अर्धवट असेल.

सुई आणि ब्लडप्रेशर. इथे प्रकरण जास्त गुंतागुंतीचं आहे, आणि इथे माझा पत्रकावरचा राग थोडा कमी होतो. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या फर्ग्युसन आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये ६३२ रुग्णांची ३,०४१ मापं छापली, २००५ ते २०१४ या काळात घेतलेली. दर मापाच्या वेळी विचारलं, मधल्या काळात त्या हातातून रक्त काढलं का, इंजेक्शन घेतलं का, ब्लडप्रेशर मोजलं का, विमानात बसलात का? रक्त काढणं, इंजेक्शन, विमानप्रवास, यांचा हात सुजण्याशी संबंध दिसला नाही. संबंध दिसला तो चार गोष्टींशी: काखेतल्या ग्रंथी सरसकट काढणं, ग्रंथींच्या भागाला रेडिएशन, शरीराचं जास्त वजन, आणि हाताच्या त्वचेतला जंतुसंसर्ग.

पण हा प्रयोग नव्हता, निरीक्षण होतं. सुई टाळा असं या बायकांना आधीच बजावलेलं होतं, त्यामुळे त्यांच्यातल्या फार कमी जणींनी त्या हाताला सुई लावून घेतली असणार. उलट बाजूला इंग्लंडमधला २००५ चा एक अभ्यास आहे. १८८ बायका, तीन वर्षं. त्यात रुग्णालयात त्या हाताला सुई टोचलेल्यांना सूज जास्त आढळली. मात्र त्यात सुई लागलेल्या बायका मोजक्याच होत्या. दोन्ही बाजू ठेवून माझं मत असं की दुसरा हात मोकळा असेल तर तो पुढे करावा, त्यात काही खर्च नाही. पण 'शक्यतो' हा शब्द पत्रकात विमानाला लावलाय आणि सुईला लावला नाही, हे उलटं झालं.

कारण या एका शब्दाने काय होतं ते मला माहीत आहे. दोन वर्षांपूर्वी मावशीला डेंग्यू झाला. उजव्या हाताच्या शिरा केमोने गेलेल्या. जवळच्या एका दवाखान्यात सलाईन लावायला सहा वेळा टोचलं, शीर मिळेना. डाव्या हाताला हात लावायला नर्स तयार नव्हती आणि मावशीही देईना. कागदावर लिहिलं होतं ना. शेवटी पायाला लावलं, तोवर अर्धा-पाऊण तास गेला. निभावलं. पण 'नये' लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर अशी वेळ आली होती का, असं मला राहून राहून वाटतं.

त्या चार गोष्टींकडे परत जाऊ, कारण माझी खरी तक्रार तिथे आहे. चारपैकी दोन, ग्रंथी काढणं आणि रेडिएशन, बाईच्या हातात नसतातच. जगभरातले अभ्यास एकत्र करून २०१३ मध्ये डिसिपिओ आणि सहकाऱ्यांनी हिशोब मांडला होता: काखेतल्या ग्रंथी सरसकट काढल्या तर सुमारे २० टक्के बायकांना सूज येते, आणि फक्त पहारेकरी ग्रंथी, म्हणजे कॅन्सर जिथे आधी पोचेल अशा एक-दोन, काढून तपासल्या तर सुमारे ५.६ टक्के. जवळजवळ चौपट फरक, आणि तो ऑपरेशनच्या टेबलावर ठरतो. यात सर्जनची चूक असते असं अजिबात नाही. मावशीच्या ग्रंथींत कॅन्सर होता, काढणं भाग होतं, आणि ती आज आहे ती त्यामुळे आहे. पण पत्रकाच्या चौदा ओळींत या दोन कारणांचा उल्लेख सुद्धा नाही. जे बाईने करायचं किंवा करायचं नाही तेवढंच छापलंय. मग सूज आली की वाचणारा काय समजणार? हिने काहीतरी केलं असणार. हॉलस्टेडने शंभर वर्षांपूर्वी जी सूज शस्त्रक्रियेच्या खात्यावर लिहिली होती, ती या कागदाने अलगद बाईच्या खात्यावर टाकली, आणि तिथून ती सोऱ्यावर आली.

मी मावशीला हे सगळं समजावलं. सतरा ग्रंथी, रेडिएशन, पाचातली एक. सोऱ्या फिरवलाच नसता तरी सूज येण्याचा संभव होताच आणि दोन वर्षांच्या आसपास ती येणं अगदी नेहमीचं आहे. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "अगं, मग हे आधीच सांगितलं असतं तर?"

आधीच सांगायच्या गोष्टी पत्रकात नाहीतच, हा त्याचा सर्वांत मोठा दोष. सूज कशी ओळखायची? परदेशी माहितीपत्रकांत अंगठी आणि घड्याळाचा पट्टा घट्ट होण्याबद्दल लिहितात. आपल्याकडे ब्लाउजची एकच बाही काचायला लागते, एकाच हातातली बांगडी चढेनाशी होते, हात जड वाटतो. मावशीने दिवाळीच्या दोन महिने आधी शिंप्याकडून डावी बाही उसवून घेतली होती! म्हणजे सोऱ्या कपाटातून निघायच्याही आधी सूज सुरू झालेली होती. ही ओळ पत्रकात असती तर ती शिंप्याकडे न जाता डॉक्टरकडे गेली असती. सुरुवातीच्या सुजेत बोटाने दाबलं की खड्डा पडतो, हात वर ठेवला की ती उतरते. पुढे तिथे चरबी आणि तंतू साठत जातात, मग दाबून खड्डाही पडत नाही आणि उतरतही नाही. तोवर थांबायचं नसतं. अमेरिकेत २००८ मध्ये छापलेल्या एका अभ्यासात १९६ बायकांचे हात ऑपरेशनच्या आधीपासून मोजत गेले. ४३ जणींत डोळ्याला न दिसणारी वाढ मापात सापडली, त्यांना साधारण महिनाभर तयार स्लीव्ह दिली आणि ती वाढ उतरली. वाढ असूनही स्लीव्ह न दिलेल्या बायकांशी तुलना त्यात नव्हती, म्हणून मी त्याला शेवटचा शब्द म्हणणार नाही. पण त्यातली पहिली पायरी, ऑपरेशनच्या आधी दोन्ही हात मोजून ठेवणं, ही तर शिंप्याच्या टेपने होते. ती केली नाही तर पुढे दोन सेंटिमीटरचा फरक दिसला तरी सूज किती आणि मुळातलाच फरक किती ते कळत नाही, कारण कामाचा हात बहुतेकांचा थोडा जाडच असतो. मावशीचे हात आधी कोणी मोजले नव्हते.

दुसरी गायब ओळ जंतुसंसर्गाची. फर्ग्युसनच्या यादीतला तोच असा घटक आहे ज्यावर घरात आणि दवाखान्यात लगेच काही करता येतं. हात लाल, गरम, दुखरा झाला, ताप-थंडी आली, तर त्याच दिवशी डॉक्टर. उद्या बघू नाही, हळदीचा लेप नाही. अँटिबायोटिक लागतं. त्वचा कोरडी पडू न देणं, फुटलेल्या काचेच्या बांगडीची जखम, विळीचा काप, चुलीचा चटका साबणाने धुऊन झाकणं. पत्रकात बांगडी घालू नये एवढंच आहे.

मालिशीबद्दल थोडक्यात. हलक्या हाताने द्रव सरकवायची एक खास पद्धत आहे, तिचा बराच बोलबाला आहे. कॅनडात १०३ बायकांवर केलेल्या चाचणीत (२०१३) एका गटाला ही मालिश आणि बँडेज असा पूर्ण उपचार दिला, दुसऱ्याला फक्त घट्ट स्लीव्ह. जास्तीची सूज पहिल्या गटात २९ टक्के उतरली, दुसऱ्यात २२.६. हा फरक योगायोगाने पडणाऱ्या फरकाच्या पलीकडे गेला नाही. मिलिलिटरमध्ये मोजलं तर मात्र पूर्ण उपचार सरस ठरला, त्यामुळे वाद मिटलेला नाही. कामाचा मुद्दा असा की दाब, म्हणजे स्लीव्ह किंवा कमी ताणाचं खास बँडेज, हा उपचाराचा कणा आहे. मेडिकलमधलं साधं क्रेप बँडेज ते काम करत नाही. लघवी वाढवणाऱ्या गोळ्याही नाहीत. त्या पाणी काढतात, अडकलेली प्रथिनं तिथेच राहतात.

आणि स्लीव्ह घाला म्हणणं सोपं आहे. ती मापाची हवी. सैल असेल तर उपयोग नाही, मनगटाशी काचली तर पंजा सुजतो. चार-सहा महिन्यांत तिचा ताण जातो, नवी घ्यावी लागते. एप्रिल-मेमध्ये आपल्या उकाड्यात, चुलीपुढे, दिवसभर ती घालून राहणं काय असतं ते कुठल्याही निबंधाच्या कोष्टकात येत नाही.

मावशीचे हात मी मोजले. मनगटापासून दर दहा सेंटिमीटरला पेनाने खूण करून, दोन्ही बाजूंना सारखी. कोपराच्या खाली डावा हात उजव्यापेक्षा अडीच सेंटिमीटर जाड भरला. दाबल्यावर खड्डा पडतोय अजून. मोजून झाल्यावर तिने सरळ विचारलं, "मग मी बादली उचलू का नको, ते सांग."

माझ्याकडे १४१ बायकांचं उत्तर होतं, तिचं नव्हतं. त्या बायकांना शिकवणारं माणूस होतं, स्लीव्ह होती, हात बघणारा तज्ज्ञ होता. तिला म्हटलं, आधी स्लीव्ह, मग कोणीतरी समोर बसवून सुरुवात करून देऊ दे, तोवर बादली अर्धी भर आणि दोनदा ने. सुजेचं काम येणारी फिजिओथेरपिस्ट तिच्यापासून एस.टी.ने दीड तासावर आहे, फक्त शनिवारी बसते. मामा घेऊन जाणार आहे. विचारायचे प्रश्न मी पत्रकाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहून दिलेत, आणि त्यांच्याखाली तारीख घालून दोन्ही हातांची मापं.